ड्रायब्रशिंग केलं की मिनिएचरवर रंग खडूसारखा पावडर पावडर दिसतो. ब्रश बदलू का? कुठला घेऊ?

ड्रायब्रशिंग म्हणजे ब्रशवर नावापुरता रंग ठेवून तो मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या मॉडेलच्या, फक्त उंचवट्यांवर हलका घासायचा. तुम्ही लिहिलंय की चपटा, ताठ केसांचा हॉग हेअर ब्रश वापरता, टिश्यूवर रंग अगदी पूर्ण पुसून काढता, आणि तरी सांगाड्यांच्या मिनिएचरवर खडू घासल्यासारखं दिसतं, वर रेघा पण उमटतात. मी सुरुवातीला जवळजवळ दोन वर्षं हेच करत होते त्यामुळे तुमचा त्रास मला नीट कळतोय. ब्रश बदलाच, पण त्याच्या आधी एक गोष्ट, ती नाही कळली तर महागातला महाग ब्रश घेऊनही पावडर येणारच.

ड्रायब्रश या नावामुळेच सगळा घोळ होतो. रंग कमी हवा हे बरोबर आहे पण केस कोरडे ठणठणीत नको असतात. ॲक्रिलिक रंगात पाणी असतं, ते उडून गेलं की रंग घट्ट होतो आणि परत पाण्यात विरघळत नाही. कोरड्या ब्रशवर अगदी थोडासा रंग घेतला आणि तो कोरड्या टिश्यूवर पुसला की टिश्यू उरलंसुरलं पाणी पण ओढून घेतो, मग रंग केसांवरच सुकायला लागतो, त्याचे बारीक बारीक कण होतात आणि तुम्ही तेच कण मॉडेलवर घासता. ती जी पावडर दिसते ना ती म्हणजे हे सुकलेले कण. पुण्याच्या मे महिन्यात तर पंख्याखाली बसलं की मिनिटभरात होतं हे.

यावर उपाय साधा आहे. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, त्याचा छोटा तुकडा कापून एखाद्या झाकणात ठेवा, ओला करून पिळून घ्या. ब्रशचं टोक त्याला एकदोनदा टेकवायचं, केसांना फक्त दमटपणा आला पाहिजे, पाणी दिसता कामा नये. मग टोकाला किंचित रंग घ्यायचा आणि टिश्यूऐवजी एखाद्या खरखरीत गोष्टीवर गोल गोल फिरवून जास्तीचा काढायचा. मी बाथरूमच्या उरलेल्या टाइलची मागची बाजू वापरते, तिथे चकाकी नसते आणि उंचवटे असतात, त्यामुळे रंग फक्त उंचवट्यांवर बसतोय की खाचांत पण जातोय हे तिथेच दिसतं. शेवटी अंगठ्यावरून हलका फिरवून बघायचा. कातडीच्या रेषा नुसत्या उजळल्या तर ब्रश तयार, ओला पट्टा उमटला तर अजून काढा, आणि काहीच उमटलं नाही किंवा भुकटी पडली तर परत स्पंज.

आता ब्रश. गोल, भरगच्च, मऊ केसांचा आणि टोक घुमटासारखं असलेला घ्या. चपट्या ब्रशला कडा असतात, त्या कडांनीच रेघा पडतात, आणि हॉग हेअर म्हणजे डुकराचे ताठ केस, ते मॉडेलला ओरबाडतात. घुमटाकार ब्रश कुठूनही टेकवा, तो सगळीकडे सारखाच लागतो. मिनिएचरसाठी खास बनवलेले असे ब्रश मिळतात, आर्टिस ओपसची सीरिज डी किंवा आर्मी पेंटरचा सेट, चांगलेच आहेत, पण बाहेरून मागवायचे म्हणजे खिसा हलका होतो. मी सुरुवात केली ती मेकअपच्या ब्रशनी आणि आजही निम्मं काम त्यांच्यावरच चालतं. आयशॅडो ब्लेंड करायचा गोल टोकाचा ब्रश असतो ना, तोच, कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात मिळतो. घेताना तळहातावर दाबून गोल फिरवून बघा, टोचला नाही पाहिजे, केस गळायला नकोत आणि सोडल्यावर परत आकारात आला पाहिजे. जुना ब्रश कात्रीने गोल कापून काम भागवा असं बरेच जण सांगतात, पण कापलेल्या केसांची टोकं बोथट आणि टोचरी होतात, मऊपणा जातो, त्यामुळे मला ते पटत नाही. आणि कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे बारीक कामासाठीचा टोकदार नैसर्गिक केसांचा, चांगला ब्रश असेल तर तो यासाठी चुकूनही वापरू नका, त्याचं टोक हीच त्याची किंमत आहे आणि या घासाघाशीत तेच आधी जातं.

साइज तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठीच घ्या. २८ ते ३२ मिलिमीटरच्या मॉडेलसाठी साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद डोक्याचा ब्रश, चेहरा आणि तलवारीसाठी ४-५ मिलिमीटरचा, आणि बेस (मॉडेल ज्यावर उभं असतं ती चकती), दगड, इमारती यांच्यासाठी थेट ब्लशर लावायचा जाडा ब्रश. मोठ्या ब्रशवर दाब पसरतो म्हणून रंग एकसारखा चढतो.

हात एकदम हलका ठेवा, धूळ झटकल्यासारखा. पहिल्या फेरीत काही दिसलंच नाही तरी दाबू नका, आणखी पाच फेऱ्या मारा. उजेड वरून येतोय असं धरून वरून खाली या, अंगरख्याच्या चुण्या असतील तर चुण्यांना आडवं, बाकी ठिकाणी छोटे गोल. एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर उडी मारली की खडू दिसणारच, कारण पांढरा रंग तसाही जाडसर आणि भुकटी पटकन दाखवणारा असतो. तुमच्या सांगाड्यांसाठी गडद तपकिरी, मग मधला मळकट बदामी, मग हाडाचा रंग, आणि शुद्ध पांढऱ्याच्या ऐवजी आयव्हरी, तेही फक्त कवटी आणि गुडघ्यांवर. यानंतर तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, अजून पातळ करून दिला तर थोडीफार भुकटी राहिलेली असली तरी ती दबते, आत्ता जे सांगाडे बिघडलेत असं वाटतंय तेही याने बरेच सुधारतील, लगेच रंग खरवडायला घेऊ नका.

सिटाडेल या ब्रँडचे ड्राय नावाचे घट्ट रंग २०१२ पासून मिळतात, त्यात पाणी कमी असतं म्हणून पुसायला कमी लागतं, पण ते पाहिजेतच असं नाही, साधा, पहिल्या थराला वापरतात तो बेस रंग दमट ब्रशवर जास्त मऊ बसतो असा माझा अनुभव आहे. सैन्य मोठं असेल तर स्लॅपचॉप करून बघा, म्हणजे काळा प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर), त्यावर राखाडी, त्यावर ऑफव्हाइट असं ड्रायब्रश आणि मग वरून सिटाडेलच्या कॉन्ट्रास्टसारखे पारदर्शक रंग, खालची सावली आपोआप दिसते. फक्त रणगाड्याचे सपाट पत्रे, गुळगुळीत चिलखत अशा ठिकाणी ड्रायब्रशच्या पद्धतीकडून फार अपेक्षा नको. तिला उंचसखल पाहिजे. केस, फर, साखळीचं चिलखत, दगड, झाडाची साल इथे ती खरी खुलते.

दगडांवरून आठवलं, दिवाळीत भाच्यांच्या किल्ल्याला थर्माकोलचे कडे केले होते, त्यावर काळपट तपकिरी लावून हाच ब्लशरचा ब्रश राखाडी आणि शेवटी जरासा पिवळसर मातकट रंग घेऊन फिरवला, तर थेट सह्याद्रीचा कातळ दिसायला लागला, मावळे त्याच्यापुढे उभे केल्यावर मलाच बघत बसावंसं वाटलं. हात बसवायला असं मोठं काम फार चांगलं, मॉडेल बिघडायची भीती नाही.

धुण्याचं पण सांगते कारण ब्रश तिथेच मरतात. पाण्याच्या ग्लासात उभा ठेवू नका, टोक वाकतं. रंग केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या टोपीपर्यंत चढू द्यायचा नाही, काम चालू असताना मधे मधे ओल्या स्पंजवर पुसत राहा, आणि शेवटी अंगाच्या साबणाने तळहातावर गोल फिरवून कोमट पाण्यात धुऊन, बोटांनी आकार देऊन आडवा वाळवा. धुतलेला ब्रश लगेच वापरला तर आतून पाणी उतरतं आणि रंग थेट खाचांत जातो, म्हणून एकाच साइजचे दोन तरी ठेवा, पावसाळ्यात तीन, तेव्हा वाळायलाच अर्धा दिवस जातो.

आधी एकच सांगाडा घ्या, डावी बाजू तुमच्या नेहमीच्या पद्धतीने आणि उजवी दमट ब्रशने करा, आणि फोटो इथे टाका, बरगड्यांचा जवळून काढलेला असेल तर ब्रश ओला होतोय की कोरडा ते बघून सांगता येईल मला.