एओडी दरवर्षी वाढतोय? पेपरआधी कॅलिब्रेशनची तारीख बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मराठवाड्यातल्या कॉलेजची गच्ची, तिथे बसवलेला सन फोटोमीटर (थेट सूर्यप्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजणारं यंत्र), तीन वर्षांचा डेटा. एओडी, म्हणजे हवेतले कण किती सूर्यप्रकाश अडवतात त्याचं माप, दरवर्षी वर चाललाय, आँगस्ट्रॉम घातांकही (तो जास्त म्हणजे कण बारीक) वाढतोय, आणि गाइड म्हणतायत की ‘जाळपोळीचे बारीक कण वाढले’ असा पेपर करून टाका. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे आकडे प्रमाणाशी ताडून घेणं, मात्र खरेदीच्या वेळचंच. मी याच सगळ्यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते. लँगली (सूर्य वर चढताना घेतलेल्या मोजमापांवरून कॅलिब्रेशन करायची पद्धत) वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते.

आधी एक करा. दिवसभर आकाश स्वच्छ होतं असे काही दिवस निवडा, डिसेंबर-जानेवारीतले आणि एप्रिल-मेमधलेही. प्रत्येक दिवसाचा एओडीचा आलेख काढा. घड्याळातल्या बाराकडे बघू नका, तुमच्याकडे सूर्य मध्यावर येतो साडेबाराच्या आसपास. त्या वेळेच्या दोन्ही बाजूंना आलेख सारखाच उतरत असेल, आणि जवळपास प्रत्येक स्वच्छ दिवशी तसंच दिसत असेल, तर तो हवेचा गुण नाही, यंत्राचा आहे. फिल्टर जुने झाले की प्रकाश कमी सोडतात. आपण व्ही-नॉट (मध्ये हवा नसती तर यंत्राने दाखवला असता तो आकडा) जुनाच वापरतो, त्यामुळे तो कमी झालेला प्रकाशही कणांनीच अडवला असं गणितात धरलं जातं. ही चूक एअर मासने (सूर्यकिरण हवेच्या किती जाडीतून येतात ते; सूर्य डोक्यावर असताना 1) भागली जाते. फिल्टर 3 टक्के उतरला असेल तर एअर मास 1 असताना एओडी 0.03 ने फुगतो, आणि सकाळी एअर मास 4 असताना 0.01 सुद्धा नाही. म्हणून दुपारी फुगवटा. खऱ्या हवेत सकाळ आणि संध्याकाळ इतकी सारखी रोज येत नाही.

आँगस्ट्रॉमचंही तेच. सगळे फिल्टर एकाच वेगाने उतरत नाहीत. 340 आणि 380 नॅनोमीटरचे आधी खराब होतात, 1020चा बराच टिकतो. मग लहान तरंगलांबीचा एओडी जास्त फुगतो, घातांक वर जातो, आणि आपण बारीक कण वाढल्याचा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

आता खऱ्या वाढीचं प्रमाण बघा. तिरुवनंतपुरमच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीने चालवलेल्या इस्रोच्या आर्फिनेट या हवेतले कण मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्याची मुळं 1980च्या दशकातली आहेत. त्यांच्या 2013 सालच्या विश्लेषणात देशभरातली सरासरी वाढ 1985च्या मूल्याच्या साधारण 2.3 टक्के दरवर्षी अशी आली. सुरुवातीचा एओडी 0.3 धरला तर वर्षाला 0.007. तुमचा फिल्टर वर्षाला 3 टक्के उतरत असेल तर दुपारची खोटी वाढ याच्या चौपट होते. ज्या बदलासाठी लोकांनी दशकानुदशकं मोजमाप केलं, तो एका झिजलेल्या फिल्टरखाली सहज दबून जातो.

आमचं नुकसान कुठे झालं ते सांगते. यंत्र कॅलिब्रेशनला पाठवायची फाइल आमच्याकडच्या एका कार्यालयात गेली. पहिला शेरा: ‘यंत्र चालू आहे, आकडे देत आहे, पाठवण्याचे प्रयोजन काय?’ खुलासा दिला. मग म्हणाले, कॅलिब्रेशन असा खर्चाचा शीर्ष नाही, दुरुस्तीत दाखवा. दुरुस्ती म्हटली की नादुरुस्त असल्याचा दाखला हवा. आणि तो दाखला दिला की यंत्र निर्लेखित, म्हणजे कायमचं बाद, का करू नये, असा पुढचा शेरा! या फेऱ्यांत पूर्वमोसमी धुळीचा एक आख्खा हंगाम गेला. शेवटी वर्क ऑर्डर निघाली ती ‘दुरुस्ती’ म्हणूनच. कॅलिब्रेशन करणाऱ्या लोकांनी कागदावर लिहिलं होतं तेच केलं. डबा उघडला, लेन्स पुसली, फिल्टर बदलले आणि मग कॅलिब्रेशन केलं. यंत्र गच्चीवरून जसं उतरलं तशा अवस्थेतली तुलना झालीच नाही, त्यामुळे आधीच्या काळात फिल्टर किती उतरले होते ते कायमचं कळेनासं झालं. तो सगळा डेटा ट्रेंडसाठी बाद. एका पोराची पीएचडी त्यावर उभी होती. मला याचा अजूनही संताप येतो.

म्हणून वर्क ऑर्डरमध्ये ठळक लिहून घ्या: आहे त्या स्थितीत, काहीही न पुसता आधी तुलना, त्यानंतरच सफाई आणि फिल्टर. एरोनेट या नासाच्या जागतिक सन फोटोमीटर जाळ्याचा लेव्हल 2, म्हणजे तपासून अंतिम केलेला, डेटा असाच तयार होतो. आधीचं आणि नंतरचं कॅलिब्रेशन घेऊन मधल्या काळात फरक सरळ रेषेत वाटून देतात. आयआयटी कानपूरचं केंद्र जानेवारी 2001 पासून चालू आहे आणि तिथल्या मालिकेवर जग विश्वास ठेवतं, ते या कंटाळवाण्या कामामुळे. तुमच्याकडे सुरुवातीचं कॅलिब्रेशन आहे, म्हणजे तुमची तीन वर्षं अजून वाचू शकतात. तोवर गच्चीवर कोणालाही लेन्स पुसू देऊ नका. कोळ्याने नळीत जाळं केलं असेल तर ते काढा, पण तारीख आणि वेळ वहीत नोंदवून.

कस्टम्सचं: बाहेर पाठवताना शिपिंग बिलावर यंत्राचा आणि सेन्सर हेडचा सीरियल नंबर स्वतः तपासा. तो नसेल तर परत येताना तेच यंत्र आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. नियम बदलत असतात, तेव्हा क्लिअरिंग एजंटला विचारूनच ठरवा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

माझं स्पष्ट मत: पुढच्या प्रस्तावात दुसरं यंत्र मागू नका. दर वर्षीच्या कॅलिब्रेशनचे पैसे वेगळ्या ओळीत मागा, ‘दुरुस्ती व देखभाल’मध्ये लपवू नका. बाहेर पाठवणं जमणारच नसेल तर स्कायरेडिओमीटरचा विचार करा. त्यात आकाशाच्या तेजाची मोजमापं वापरून जागच्या जागी व्ही-नॉट काढता येतो. हिवाळ्यात महाबळेश्वरला जाऊन सकाळची लँगली करणारे लोकही आहेत. ती चालते, पण हवाईच्या मौना लोआची (जिथे प्रमाण यंत्रांची लँगली होते) उंची जवळपास 3400 मीटर आणि महाबळेश्वरची 1400च्या आत, तेवढा फरक निकालात राहतोच. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाशी तुलना करून भागवू नका; जमिनीवरच्या एओडीत त्याची स्वतःचीच चूक तुमच्या ट्रेंडपेक्षा मोठी असते.

हे सगळं सन फोटोमीटरपुरतं. एथॅलोमीटरचे (काजळी मोजणारं यंत्र) त्रास वेगळे आहेत, लायडार (लेसरने कण मोजणारं यंत्र) मी हाताळलेला नाही.

गाइडना सांगताना ‘पेपर नको’ म्हणू नका, ‘कॅलिब्रेशननंतर’ म्हणा. आणि पाच-सहा स्वच्छ दिवसांचे दिवसभराचे आलेख इथे टाका, 340, 500 आणि 1020 तिन्ही चॅनेलचे. बघून सांगते.