बारीक स्टेपनीतली हवा सारखी जाते, रिपेअर करू की नवीन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की गाडीसोबत आलेली बारीक स्टेपनी नऊ वर्षं डिकीत पडून आहे, एकदाही लावलेली नाही, तरी हवा भरली की काही दिवसांत बसते आणि पंक्चरवाला म्हणतोय पंक्चर काढून देतो. अहो पण जे चाक रस्त्यावर फिरलंच नाही त्याच्यात खिळा घुसणार कुठून? माझ्या मते हवा टायरमधून जातच नाहीये, व्हॉल्व्हमधून नाहीतर रिमच्या कडेने जात असणार.

आधी पूर्ण हवा भरा. पूर्ण म्हणजे या स्टेपनीला बहुतेक गाड्यांत 60 पीएसआय लागते, बाकीच्या चाकांच्या जवळजवळ दुप्पट, टायरवर आकडा लिहिलेला असतो. कमी हवेत बारीक लीक दिसतच नाही. मग साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी, बुडाशी आणि दोन्ही बाजूंनी रिमच्या कडेला सोडा आणि जरा थांबून बघा. तोंडाशी बुडबुडे आले तर आतली पिन बदला, बुडाशी आले तर रबर कडक होऊन चिरलंय, आख्खा व्हॉल्व्ह बदला. इथे एक सांगून ठेवतो, साधा रबरी व्हॉल्व्ह थंड चाकात 65 पीएसआयपर्यंतचाच असतो आणि 60 म्हणजे त्या मर्यादेच्या अगदी जवळ, म्हणून जास्त प्रेशरचा व्हॉल्व्ह मागून घ्या. कडेने हवा जात असेल तर लोखंडी रिम गंजलीय, टायर उतरवून तारेच्या ब्रशने गंज काढायचा, बीड सीलर (टायरची रिमवर बसणारी कड सील करणारं द्रावण) लावायचं, परत बसवायचा. काम छोटं आहे.

पण यातलं काहीही करायच्या आधी टायरचं वय बघा, कारण खरा निर्णय तिथेच होतो. साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2316 असेल तर 2016 सालचा 23 वा आठवडा. गाडी नऊ वर्षांची म्हणजे टायर त्याहून थोडा जुनाच असणार. मिशलिन ही टायर कंपनी तर म्हणते की दहा वर्षं झाली की टायर चांगला दिसला तरी बदला, आणि त्यात स्टेपनी पण आली. रबर न वापरता पण म्हातारं होतं हो! त्यामुळे तुमच्या जागी मी असतो तर रिपेअरवर खर्च केला नसता, टायर आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवीन टाकले असते. साइडवॉलवर बारीक चिरा दिसत असतील तर विचारसुद्धा करू नका, तशा रबरात 60 पीएसआय भरणं धोक्याचं आहे.

नवीन घेताना टायरवरचा पूर्ण साइज सांगा, टी125/70 डी15 असं काहीतरी असेल, पहिला टी म्हणजे टेम्पररी. त्या अरुंद रिमवर नेहमीचा रुंद टायर कुणी चढवून देतो म्हणाला तर नाही म्हणा. नुसता टायर मिळत नसेल तर रिमसकट जुनं चाक घ्यावं लागतं, तेव्हा फक्त नटांची भोकं जुळली म्हणून घेऊ नका, मधलं भोक, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि ब्रेक कॅलिपरला (ब्रेक दाबणाऱ्या भागाला) जागा हे सगळं बघावं लागतं (आणि हो, त्या चाकाची तारीख पण). एकदा लावून, नट आवळून, हाताने फिरवून बघा कुठे घासतंय का. पुढच्या चाकालाही लावून बघा, कॅलिपर तिकडेच मोठा असतो.

आणि स्टेपनी लावली असेल तेव्हा वेग ताशी 80 किमीच्या आत म्हणजे आतच ठेवा. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असेल आणि पुढचंच चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. वेळ जातो खरा पण स्टेपनीचा घेर लहान असेल तर पुढे लावल्यावर डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सतत काम पडतं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते.

डिकीत ठेवताना जमलं तर व्हॉल्व्ह वर येईल असं ठेवा, म्हणजे बाकीच्या चाकांची हवा चेक करताना चाक बाहेर न काढता तिलाही गेज लावता येतो.