बर्लिन की डॅलस? पगारापलीकडचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी दोन जागा देऊ करते आहे. बर्लिनला ८२,००० युरो, डॅलसला एल-१बी व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) १,४५,००० डॉलर, दोन्ही वार्षिक आणि करापूर्वीचे. मुलगी तीन वर्षांची, दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय, पत्नी अकाउंटंट आहे पण सध्या घरी, आणि पाचेक वर्षांनी भारतात परतायचा बेत. दोन्ही आकड्यांचे रुपये केल्यावर तुमचा कल डॅलसकडे गेला.

ते रुपये करणं आधी थांबवा. ज्या चलनात भाडं भरायचं त्यातच खर्च मांडा आणि रुपयाचा भाव फक्त उरलेल्या रकमेला लावा. बर्लिनमध्ये एकच कमावता धरून, म्हणजे तिथल्या कर-वर्ग तीनमध्ये, कर आणि विम्याचे हप्ते जाऊन महिन्याला सुमारे ४,६०० युरो हातात पडतील. मुलीचा २५९ युरो बालभत्ता वेगळा. तुम्ही चौकशी करून कळवलेलं भाडं १,९०० युरो. बर्लिनमध्ये पाळणाघराची फी नाही, जेवणाचे २३ युरो तेवढे लागतात. देशभर चालणारा बस-लोकलचा पास ६३ युरोंना, तुम्ही दोघं म्हणजे १२६. एवढं जाऊन किराण्याला आणि बचतीला सुमारे २,८०० युरो उरतात.

डॅलसमध्ये राज्याचा आयकर नाही. फेडरल म्हणजे केंद्राचा कर, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनची वर्गणी) आणि तुमचा आरोग्य विम्याचा हप्ता जाऊन साधारण ९,५०० डॉलर हातात येतील. तुमच्याच आकड्यांनुसार भाडं २,४००, डेकेअर १,६००, आणि दोन गाड्यांचे हप्ते, विमा, पेट्रोल मिळून १,७००. दुसरी गाडी चैन म्हणून धरू नका. त्या शहरात गाडीशिवाय पत्नी घरातच अडकेल. उरतात ३,८०० डॉलर. युरो डॉलरपेक्षा महाग आहे हे लक्षात घेतलं, तर पगारात दिसणारी मोठी दरी महिन्याला पाच-सहाशे डॉलरवर येते.

आता दुसरं बाळ. अमेरिकेत विमा असूनही खिशातून जाणाऱ्या रकमेची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा २०२६ साठी कुटुंबामागे २१,२०० डॉलर आहे. कंपनीच्या योजनेत ती बहुधा कमी असते, पण बाळंतपणाच्या वर्षी तिच्या जवळपास जायची तयारी ठेवा. फेडरल कायद्यात पगारी रजा नाही; १२ आठवड्यांची बिनपगारी मिळते, तीही एक वर्ष नोकरी झाल्यावर. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यावर बाळंतपणाचं असं बिल येत नाही, आणि दरमहा भत्ता घेत पालक रजा घेता येते. ती तुम्हीही घ्या, नुसती पत्नीवर टाकू नका.

तुमच्या पत्रात पेन्शनचा उल्लेखच नाही. डॅलसमध्ये वर्षाला सुमारे ९,००० डॉलर सोशल सिक्युरिटीत कापले जातील. तिथलं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं, आणि भारत-अमेरिका यांच्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजणारा सामाजिक सुरक्षेचा करार नाही. पाच वर्षांत परतलात तर ४५,००० डॉलरवर पाणी. जर्मनीशी असा करार २०१७ पासून लागू आहे आणि तिथे ६० महिन्यांच्या वर्गणीवर पेन्शनचा हक्क उभा राहतो. म्हणून परतायचंच असेल तर ‘पाचेक’ म्हणू नका, पाच पूर्ण करा.

नोकरी गेली तर? एल-१ व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला. साधारण ६० दिवसांत दुसरी सोय करायची, नाहीतर सामान बांधायचं. जर्मनीत दोन वर्षं वर्गणी भरलेली असेल, तर मूल असलेल्याला एक वर्ष निव्वळ पगाराच्या ६७ टक्के बेरोजगारी भत्ता मिळतो. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) बी१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा झाली की २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो.

जर्मन माणूस वर्षाला सुमारे १,३४० तास काम करतो, अमेरिकन १,८००, हे तुम्ही पाठवलेले आकडे बरोबर आहेत. पण जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्या भरपूर, त्यामुळे सरासरी खाली येते. तुम्हाला तेवढी फुरसत मिळेल असं धरू नका. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस पगारी सुटी मात्र कायद्यानेच आहे.

डॅलसच्या बाजूने एकच मुद्दा मला खरोखर जड वाटतो, तो पत्नीच्या नोकरीचा. काम करायची परवानगी तिला दोन्हीकडे लगेच आहे. पण अकाउंटिंगचं काम बर्लिनमध्ये चांगल्या जर्मनशिवाय मिळणं कठीण, म्हणजे दीड-दोन वर्षं भाषेत जातील. डॅलसमध्ये ती वर्षभरात कमावू लागली तर माझा वरचा सगळा हिशोब उलटतो. बर्लिनमध्ये तिचा पगार सुरू झाला की कर-वर्ग तीनचा फायदाही घटतो.

दुसरं बाळ येत्या दोन वर्षांत हवं असेल तर बर्लिन घ्या, असं माझं मत. ते पुढे ढकलणार असाल आणि पत्नीला लगेच कामाला लागायचं असेल, तर डॅलस. त्या बाबतीत सही करण्याआधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: विमा योजनेतली खिशातून जाणाऱ्या रकमेची मर्यादा, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया कंपनी कोणत्या महिन्यात सुरू करणार. एल-१बी पाच वर्षांत संपतो आणि भारतीयांची रांग फार लांब आहे. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर ते नाही म्हणूनच धरा.