इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या नद्यांत मोठा चब मासा पकडायचा असेल, तर आमिष कोणते आणि रिग (गळ, दोरी आणि वजन यांची मांडणी) कोणता? पाव-चीज सोडून बॉयलीकडे (उकडून घट्ट केलेल्या तयार आमिषाच्या गोळीकडे) वळावे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: वळू नये. निदान पहिल्या हिवाळ्यात तरी नाही. आपल्याला दुकानदाराने जो सल्ला दिला आहे, की मोठा मासा हवा असेल तर पाव आणि चीज विसरा, हेअर रिगवर (आमिष गळावर न टोचता त्याला जोडलेल्या बारीक दोऱ्यावर ओवतात ती मांडणी) बॉयली लावा आणि फीडर (खाद्य भरलेली वजनदार डबी) जड घ्या, तोच सल्ला जवळजवळ त्याच शब्दांत मला इथल्या एका ज्येष्ठ मराठी स्नेह्यांनी नदीकाठी दिला होता. त्यावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

चब हा अधाशी मासा आहे, आणि तितकाच संशयी. गोगलगायी, लहान मासे, क्रेफिश (गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंगा), काठावरून पाण्यात पडणारी एल्डरबेरीची फळे, असे काहीही तो खातो. आमिष निवडणे सोपे वाटते ते यामुळेच. परंतु ५ पौंडांचा चब दहा वर्षांहून अधिक वयाचा असू शकतो, आणि मासेमारी क्लबच्या पाण्यात तो तेवढ्या काळात अनेकदा गळाला लागून परत सोडलेला असतो. असा मासा आमिष थेट गिळत नाही. जाड ओठांच्या कडेने ते उचलतो, चाचपतो, किंचित ओढून पाहतो, आणि पलीकडे जराही वजन जाणवले तर टाकून देतो. ब्रिटनचा विक्रम ९ पौंडांच्या थोडा वर आहे. आपल्यासारख्याने ५ पौंडांचे उद्दिष्ट ठेवावे आणि ६ पौंडांचा लागला तर तो आयुष्यभर सांगावा. या माशाच्या बाबतीत आमिषापेक्षा त्याला पलीकडचे वजन किती जाणवते हा प्रश्न मोठा आहे, आणि नेमका तोच प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही.

माझे हे मत इंग्लंडमध्ये तयार झालेले नाही. सांगलीला कृष्णेच्या काठी माझे काका कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळी लावत आणि तंगूस (गळाची दोरी) तर्जनीवर घेऊन बसत. डोळे पाण्याकडे नसले तरी चालेल, बोट मात्र तंगुसावर हवे, असे ते म्हणत. इथे आल्यावर मला कळले की इंग्रज मासेमारही पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत आणि त्याला ते टच लेजरिंग म्हणतात. माझ्या त्या स्नेह्यांना मात्र ही गावाकडची सवय वाटते. ‘इथला मासा शिकलेला आहे, त्याच्यापुढे कणकेची गोळी चालत नाही,’ हे त्यांचे वाक्य मी अनेकदा ऐकलेले आहे.

एका फेब्रुवारीत आम्ही दोघे लॉडन नदीवर गेलो होतो. आधीच्या पावसाने नदी तपकिरी होऊन गेली होती आणि त्या दिवशी पाणी उतरू लागले होते. काठाशी साधारण हातभर खोलीपर्यंत दिसत होते, म्हणजे हिवाळ्यातल्या चबसाठी यापेक्षा चांगली स्थिती मागू नये अशी. त्यांनी खालच्या वळणावर दोन रॉड मांडले, दोन्हींवर १५ मिलिमीटरच्या माशाच्या वासाच्या बॉयली, २ औंसांचे फीडर, आणि रॉडखाली बाइट अलार्म (माशाने तंगूस ओढताच वाजणारे यंत्र). मी प्रवाहाच्या वरच्या बाजूला गेलो. शिळा पाव भिजवून, पिळून, त्याचा लगदा तीन जागी मूठ-मूठ टाकला आणि मग प्रत्येक जागेवर अर्धा-अर्धा तास बसत गेलो. चबच्या मागे फिरायचे असते. तो भुकेला असेल तर वीस मिनिटांत उत्तर देतो, आणि नसेल तर तासभर बसूनही तो आपल्यासाठी भुकेला होत नाही.

तिसऱ्या जागी पाण्यावर झुकलेले अल्डरचे झाड होते आणि त्याच्या फांद्यांत पुराने आणलेल्या काड्या, वेत आणि पालापाचोळा अडकून एक छप्पर तयार झाले होते. असे छप्पर दिसले की त्याखाली चब आहे असे समजूनच चालावे. मी त्याच्या बराच खाली, गुडघ्यांवर बसलो, कारण काठावरची पावले त्याला ऐकू जातात, आणि आमिष प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला, छपराच्या कडेला टाकले. दिवस मावळत होता. पाण्याच्या ओढीने रॉडचे टोक किंचित वाकून स्थिर झाले आणि थोड्या वेळाने बोटाला काहीतरी जाणवले, कोणी तंगुसावरून नख फिरवावे तसे. टोक मात्र हलले नव्हते.

माझे स्नेही तोवर चहा घेऊन माझ्या मागे येऊन बसले होते. पुढच्या क्षणी टोक थरथरले तसे ते म्हणाले, ‘मार, मार!’ मी हिसका मारला नाही. वरच्या बाजूला टाकलेल्या आमिषाला चबने खरोखर तोंडात घेतले की तो प्रवाहाबरोबर खाली येतो, वजन सुटते, वाकलेले टोक एकदम सरळ होते आणि तंगूस सैल पडते. ती सैल पडण्याची खूण दिसली तेव्हाच मी हिसका दिला. मासा लगेच छपराकडे वळला. तिथे त्याला एक फूटही देता येत नाही, म्हणून रॉड आडवा धरून, ६ पौंडी तंगुसावर विश्वास ठेवून त्याला अडवला. जाळ्यात आला तेव्हा गळ खालच्या ओठाच्या कोपऱ्यात, अगदी स्वच्छ बसलेला होता. पितळी खवले, प्रत्येक खवल्याला काळसर कड, पांढरेशुभ्र जाड ओठ. वजन ५ पौंड ११ औंस.

त्यावर ते म्हणाले की हा योगायोग आहे, आणि मासा मुळात त्यांच्या फीडरमधल्या पेलेटच्या (दाबून केलेल्या दाणेदार खाद्याच्या) वासाने जागा झाला होता. हे त्यांनी नंतर अनेकांना सांगितले, म्हणून इथे स्पष्ट लिहितो: वास प्रवाहाबरोबर खाली जातो, वर चढत नाही. ते माझ्या खालच्या वळणावर बसले होते. त्यांच्या पेलेटचा एक कणही त्या अल्डरपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

आता मांडणी. रॉड ११ फुटी, सव्वा पौंड टेस्ट कर्व्हचा (हे रॉडच्या ताकदीचे माप), मऊ क्विव्हर टिपचा (हलकी ओढही दाखवणारे बारीक टोक). तंगूस ६ पौंडी, सलग गळापर्यंत. मध्ये जोड जितके कमी तितके चांगले. गळापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर एक स्टॉप, आणि त्याच्या वर सरकता राहील असा तंगुसाचाच छोटा दुहेरी तुकडा, ज्यावर एएए आकाराचे दोन ते चार शॉट (तंगुसावर चिमटायची लहान गोल वजने) चिमटलेले. यालाच लिंक लेजर म्हणतात. शॉट बिनविषारी घ्यावेत. हंस शिसे गिळून मरत असत म्हणून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर इथे १९८७ पासून बंदी आहे. शॉट किती लावायचे हे घरी ठरत नाही. आमिष तळाशी जेमतेम टिकेल एवढेच वजन ठेवावे, इतके की टोक थोडे उचलले तर ते फूटभर घरंगळून पुन्हा थांबावे. वजन छपरात अडकले तर शॉट निसटून येतात आणि मासा तुटलेल्या तंगुसाला जड शिसे ओढत फिरत नाही, हा दुसरा फायदा.

आमिषात मी दोनच गोष्टी मानतो. पाणी थंड आणि स्वच्छ असेल तर ताज्या पांढऱ्या पावाचा गर, ८ नंबरच्या गळाच्या दांडीवर चिमटून, टोकाकडचा भाग फुललेला ठेवून. पाणी गढूळ किंवा संध्याकाळची वेळ असेल तर ६ नंबरच्या गळावर चीजची लेई. शिळ्या पावाचा कडा काढलेला भाग, कुसकरलेले ब्लू चीज आणि थोडे किसलेले चेडर एकत्र, पाणी न घालता, तळहाताच्या उष्णतेने ते एकजीव होईपर्यंत मळावे. शेवटी चमचाभर खाद्यतेल घालणे मी आवश्यक मानतो, कारण ५ अंशांच्या पाण्यात चीजमधली चरबी घट्ट होते, गोळी दगडासारखी बनते आणि हिसका दिल्यावर गळाचे टोक तिच्यातून बाहेरच पडत नाही. करून झाल्यावर एक गोळी ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. सकाळी ती बोटाने सहज दाबली गेली तर लेई जमली. नाही तर आणखी तेल घालून पुन्हा मळावी. गोळीचा व्यास दोन सेंटिमीटर पुरे, चबचे तोंड त्याहून बरेच मोठे असते.

चीज ही आपली मराठी युक्ती नाही, हेही त्यांनी लक्षात घ्यावे. सतराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनातच हिवाळ्यातल्या चबसाठी उग्र चीज लोणी आणि केशरासह कुटून लावण्याची कृती दिलेली आहे. कणीक मळणारा मी एकटा नाही. या नदीकाठी माझ्या आधी साडेतीन शतके ती मळली जात आहे.

उन्हाळ्यात गोष्ट सोपी असते: वजनाशिवाय, नुसत्या गळावर मोठी काळी गोगलगाय किंवा गांडूळ लावून झाडाच्या सावलीत सोडावे. त्या ऋतूत लॉडन आणि केनेट या दोन्ही नद्यांत अमेरिकन सिग्नल क्रेफिश मऊ लेई काही मिनिटांत कुरतडून टाकतात, म्हणून लेई थंडीसाठी राखावी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून अशी बंदी असते. रॉडचा सरकारी परवाना आणि त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी, दोन्ही लागतात. क्रेफिश चबला कितीही आवडत असला तरी तो आमिष म्हणून वापरणे बेकायदेशीर आहे. २० सेंटिमीटरपेक्षा मोठा चब नदीतून घरी नेता येत नाही, तेव्हा जाळे मऊ घ्यावे आणि मासा ओल्या हातांनी धरावा. गळ खोल गेला असेल तर चिमट्यानेच काढावा. चबच्या घशात दात असतात आणि क्रेफिशचे कवच फोडणाऱ्या त्या दातांत बोट घालू नये.

आणि हो, ट्रेंटसारखी रुंद, जोरकस नदी असेल, आमिष चाळीस यार्ड दूर टाकायचे असेल किंवा रात्री लहान मासे आमिष टिकू देत नसतील, तर बॉयली, हेअर रिग आणि जड फीडर हेच योग्य आहे. तिथे दोन शॉटची मांडणी तळालाही पोहोचणार नाही. परंतु आपण विचारले आहे ते रेडिंगजवळच्या नद्यांविषयी, आणि लॉडनवर दहा पावलांवरच्या छपराखाली २ औंसांचा फीडर आदळणे म्हणजे तिथला सर्वांत मोठा मासा त्या दिवसापुरता घालवणे होय. माझे स्नेही हे वाचतील याची मला खात्री आहे. त्यांनी एका हिवाळ्यात अलार्म घरी ठेवावेत, त्यांचीच बॉयली हवी तर लावावी, पण दोन शॉटवर, वरच्या बाजूला टाकून, तंगूस बोटावर घेऊन बसावे. लेईची ने-आण मी करीन.