वाचकांच्या शंका : बैठक, श्वास आणि फळाची अपेक्षा

प्रश्न : दोन महिने रोज सकाळी ध्यानाला बसतो आहे. दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात, पाठीला पोक येतो आणि मग डुलकी लागते. मांडी घालूनच बसायला हवं का?

उत्तर : मुळीच नाही. योगसूत्रांत आसनाबद्दल अवघी तीन सूत्रं आहेत (२.४६ ते २.४८) आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. बैठक स्थिर हवी आणि सुखाची हवी, एवढीच अट. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, आसनांची नावं येतात, त्यांत ‘सोपाश्रय’, म्हणजे आधार घेऊन बसण्याचं आसनही आहे. टेकू घेतला म्हणून साधना उणी पडत नाही.

तुमची अडचण बहुधा गुडघ्यांच्या उंचीत आहे. सपाट जमिनीवर मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहिले, की कंबर मागे कलते, पाठ गोल होते आणि धड तोलून धरायला पाठीच्या स्नायूंना सारखं झुंजावं लागतं. जाड चादरीची साधारण १० सेंटिमीटर उंचीची घट्ट घडी घ्या. मऊ उशी नको, ती पाच मिनिटांत दबते. घडीच्या पुढच्या कडेवर फक्त बैठकीची हाडं टेकवा, मांड्या घडीबाहेर राहू द्या. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली टॉवेल सारा. मुंग्या येतात त्या मांडीखाली किंवा घोट्यावर पडणाऱ्या दाबामुळे. रोज तोच पाय वर ठेवू नका. उठल्यावर बधिरपणा लवकर जात नसेल, किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येत असेल, तर सरळ खुर्ची घ्या. तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असावेत.

डुलकीचं कारण वेगळं. योगसूत्रांत (१.३०) नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितले आहेत. त्यांत ‘स्त्यान’ आणि ‘आलस्य’ वेगवेगळे मोजले आहेत : पहिल्यात चित्त काम करायला तयार नसतं, दुसऱ्यात शरीर आणि चित्त दोन्ही जड असतात. जडपणा असेल तर तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटं उभ्यानं हात-पाय मोकळे करा आणि डोळे अर्धे उघडे ठेवून चार फुटांवर जमिनीकडे नजर ठेवा. जेवणानंतर तीन तास बसू नका. रात्रीची झोपच अपुरी असेल तर मात्र यातलं काहीच चालणार नाही, आधी झोपा. गीतेतल्या सहाव्या अध्यायाचा सतरावा श्लोक आहाराबरोबर झोपेचंही प्रमाण सांगतो, तो उगीच नव्हे.

प्रश्न : प्राणायामात १:४:२ हे प्रमाण वाचून ४ सेकंद पूरक (श्वास आत घेणं), १६ कुंभक (रोखून धरणं), ८ रेचक (बाहेर सोडणं) असं करते. हल्ली छातीत धडधडतं, दिवसभर चिडचिड होते.

उत्तर : कुंभक आजपासून बंद. ते प्रमाण परंपरेतलंच आहे, पण ते सुरुवातीला धरायचं नाही. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात (२.१५) म्हटलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही, घाई केली तर तो साधकालाच मारतो.

पंधरा दिवस नुसतं ४:४ करा, म्हणजे चार सेकंद पूरक, चार सेकंद रेचक. मग पंधरा दिवस ४:६, मग ४:८. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. नाकाच्या हाडाखाली जिथे मऊ भाग सुरू होतो तिथे हलकेच दाबा, नाक वाकडं होऊ देऊ नका. डावीनं आत, उजवीनं बाहेर. उजवीनं आत, डावीनं बाहेर : हे एक आवर्तन. ४:८ नं एका आवर्तनाला २४ सेकंद लागतात, म्हणजे दहा आवर्तनांना चार मिनिटं. तेवढं पुरे.

चूक कळते ती पुढच्या पूरकात. श्वास हिसका देऊन आत आला, तर आधीचा रेचक ऐपतीबाहेर लांबवला होता असं समजा आणि दोन अंक कमी करा. ओठ किंवा बोटं चुणचुणली, डोकं हलकं झालं, तर श्वास गरजेपेक्षा खोल घेतला जातो आहे. थांबून साधा श्वास चालू द्या. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर कुंभक करूच नका. बंद करूनही धडधड राहिली तर डॉक्टरांना दाखवा, ते प्राणायामाचं खातं नाही.

प्रश्न : फळाची अपेक्षा सोडायची, तर पगारवाढ मागायची की नाही?

उत्तर : मागायची. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच श्लोकाचा शेवट ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ असा आहे : काही न करण्यातही गुंतू नकोस. मागणं हे कर्म आहे, मिळणं हे फळ. गीतेच्या अठराव्या अध्यायात (१८.१४) कार्याची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधनं), चेष्टा (प्रयत्न) आणि दैव. साहेबांना भेटण्याआधी हे पाच कागदावर मांडून पाहा. केलेल्या कामाची नोंद, बोलण्याची तयारी, योग्य वेळ हे बरंचसं तुमच्या हातात आहे. कंपनीची स्थिती आणि साहेबांचा निर्णय नाही. हातातल्या गोष्टींत कसूर ठेवून नकार आल्यावर ‘आपण निष्काम’ म्हणणं ही पळवाट झाली. सात्त्विक कर्त्याचं वर्णन करताना गीता (१८.२६) ‘धृत्युत्साहसमन्वितः’, म्हणजे धीर आणि उत्साह असलेला, म्हणते. उत्साह त्यात धरलेलाच आहे.

प्रश्न : जपमाळेचा मेरुमणी (जोडावरचा मुख्य मणी) ओलांडायचा नाही, मग दुसरी माळ कशी करायची?

उत्तर : मेरूपाशी आलात की माळ उलटी फिरवा, शेवटचा मणी आता पहिला. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं मणी ओढा, तर्जनी लावू नका. एका नामाला तीन सेकंद धरले तर १०८ मण्यांना साधारण साडेपाच मिनिटं लागतात. तुमची माळ दोन मिनिटांत होत असेल तर अक्षरं गिळली जात आहेत.