मुलगी खेळ सोडते म्हणते, तेव्हा आधी मैदानावर जाऊन या

सहावी ते आठवीतल्या मुलींच्या आया माझ्याकडे एक काळजी हमखास घेऊन येतात. "मॅडम, इतकी आवडीने खेळत होती, आता अचानक नको म्हणते. जबरदस्ती करू की सोडून देऊ?" पाठोपाठ त्यांचा अंदाजही येतो. मोबाइल असेल, मैत्रिणींशी बिनसलं असेल, वयच तसं आहे. कधीकधी तो बरोबरही असतो. पण गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका मुलीची गोष्ट वेगळी होती. ती आणि तिची आई दोघींच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलगी सातवीत, खो-खो खेळणारी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिला संघाने प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली तो जिंकला. ते सामने हिने घरी बसून पाहिले होते. तेव्हापासून घरातल्या खुर्च्यांचे खांब करून सूर मारायची, गुडघे फोडून घ्यायची. शाळेच्या चौदा वर्षांखालील संघात निवड झाली, तालुका स्पर्धा तोंडावर आल्या, आणि हिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आईला वाटत होतं, स्पर्धेचं दडपण आलंय.

पोट कधी दुखतं, हे मी आईला आठवून लिहायला सांगितलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी. बाकीचे दिवस मुलगी ठणठणीत. मंगळवारी आणि शुक्रवारीच शाळेचा संघ सरावासाठी नगरपालिकेच्या मैदानावर जायचा, कारण शाळेला स्वतःचं मैदान नाही. आमच्या गावात अशा शाळा बऱ्याच आहेत.

मुलीला मी "तुला कसली भीती वाटते?" असं विचारलं नाही. या वयात त्या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर मिळतं. मैदानाचा नकाशा काढ, म्हटलं. फाटक, चालणाऱ्यांचा ट्रॅक, मध्यभागी क्रिकेटची खेळपट्टी असं तिने भराभर काढलं. खो-खोचं मैदान भिंतीकडच्या कोपऱ्यात आलं, तेही तिरकं. खो-खोला सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद जागा लागते, मग तिरकं का? "सरळ आखलं की खांब ट्रॅकवर जातो. काका लोक ओरडतात." रेषा आखायची पांढरी फक्की कोण मारतं? "आम्हीच. पण दर वेळी पुसलेली असते. क्रिकेटवाले त्याच्यावरूनच बॉलिंगला पळतात." कोपऱ्यात एक चौकोन काढून त्यावर तिने फुली मारली होती. हे काय? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "बाथरूम. कुलूप असतं."

पुढचं तिला सांगायला वेळ लागला, आणि तो मी लागू दिला. तिची पाळी त्याच उन्हाळ्यात सुरू झाली होती. सराव सातला सुरू व्हायचा, स्वच्छतागृहाची किल्ली असलेला रखवालदार साडेआठला यायचा. एकदा मैदानावर असतानाच पाळी आली. सोबत सर होते, बाई कुणी नव्हत्या. ती ओढणी कमरेला बांधून दीड तास उभी राहिली, आणि "खेळत का नाहीस?" म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तेव्हापासून सरावाच्या दिवशी ती सकाळी पाणीच प्यायची नाही. पुढे पोट दुखू लागलं. ते दुखणं खरं होतं, नाटक नव्हतं, हे मी आईला ठासून सांगितलं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं त्यात आहेत आणि खेळाचं मैदानही आहे. या शाळेत स्वच्छतागृहं चांगली आहेत, मी पाहिली आहेत. मैदान मात्र अर्धा किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या ताब्यात. मैदान वाटून घेताना जागा आणि वेळ यांचा विचार झाला, किल्लीचा झाला नाही. याचा जास्त त्रास मुलींना होतो, आणि मुली तक्रार करत नाहीत, येणं बंद करतात. मोठ्यांना मग वाटतं, आवड संपली.

मुलीला विचारलं, यातलं काय कुणाला सांगितलेलं चालेल? ओरडणारे काका, फक्की आणि कुलूप हे चालेल म्हणाली. पाळीचं फक्त आईला. तेवढंच सांगितलं. आई रडली, मग चिडली, आणि दुसऱ्या दिवशी थेट शाळेत जाऊन सरांना जाब विचारायला निघाली. मी थांबवलं. त्या सरांवर सहा तुकड्या, दोन खेळ आणि ग्रंथालयाचंही काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे आईला माहीत नव्हतं. विषय तिथे मांडा म्हटलं. कुणा एका मुलीचं नाव न घेता, मैदानाचा प्रश्न म्हणून.

समितीने केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे अर्ज करण्याआधी काही पालक सकाळी सातला मैदानावर जाऊन उभे राहिले. चालायला येणाऱ्यांपैकी एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "माझी बायपास झालीय, मला रोज चालायचंच आहे. शाळेची वेळ कोणती, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो." फाटकावर वेळापत्रक नव्हतं. शाळेला मैदान मिळालं होतं ते तोंडी, कुणाच्या तरी ओळखीने. त्यामुळे मुली आपल्या हक्काच्या वेळेत खेळत असूनही सगळ्यांच्या नजरेत घुसखोर होत्या. ती नजर बारा वर्षांच्या मुलीला बरोबर कळते.

अर्ज गेला, बैठक झाली, आणि एक कागद तयार झाला. मंगळवार-शुक्रवार सात ते साडेआठ पूर्वेकडचा भाग शाळेचा, सरळ आखलेल्या मैदानासह. ट्रॅक चालणाऱ्यांचा, त्यावर खांब येणार नाही. त्यासाठी खेळपट्टीच्या बाजूने थोडी जागा सोडायला क्रिकेटवाले कुरकुरत तयार झाले. या वेळेत लेदर बॉल बंद. स्वच्छतागृहाची एक किल्ली शाळेच्या सेविका मावशींकडे, सरावाला त्या सोबत येणार, आणि त्या दिवशीची सफाई शाळेची. कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची, तेही लिहिलं. बदल्यात पावसाळ्यात ज्येष्ठांना योगासनांसाठी शाळेचा हॉल सकाळी खुला झाला. मला ही अट फार आवडली. शाळेने काही दिलं म्हटल्यावर मागताना आवाज खाली राहत नाही.

मुलगी लगेच मैदानावर गेली नाही. पहिल्या आठवड्यात ती मावशींबरोबर नुसती जाऊन बसली, फक्की मारून परत आली. आईला मी एवढंच सांगितलं होतं की "खेळलीस का?" हा प्रश्न घरी विचारायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात ती खेळायला उतरली, पळती केली. तालुक्याला संघ पहिल्याच फेरीत हरला. पोटदुखी थांबली. त्याच संघातली दुसरी एक मुलगी मात्र परत आली नाही. तिच्या घरी तोवर शिकवणी लागली होती.

म्हणून जबरदस्ती करू की सोडून देऊ, असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी तिसरंच काही करायला सांगते. सरावाच्या वेळी, मुलीला लाज वाटणार नाही इतक्या अंतरावर, अर्धा तास उभे राहा. स्वच्छतागृह उघडं आहे का ते स्वतः दार ढकलून बघा. सोबत एखादी बाई आहे का, प्यायला पाणी आहे का, मुली खेळताना कुणाला सारखं "सरका, सरका" ऐकावं लागतं का, ते पाहा. सगळं ठीक असेल, तर मैत्रिणी, अभ्यास, दडपण याकडे वळू, आणि तरीही तिला खेळायचं नसेल तर तो निर्णय तिचा. ठीक नसेल, तर मुलीला समजावण्याआधी समितीला अर्ज लिहा.

आमच्या मैदानाचा कागद एका शैक्षणिक वर्षापुरताच आहे. जूनमध्ये तो पुन्हा करावा लागेल, आणि क्रिकेटवाल्यांनी आपली जागा परत मागायचं आत्ताच बोलून दाखवलं आहे. त्या बैठकीला या वेळी दोन मुलीही बसणार आहेत. समितीने तसं ठरवून घेतलं आहे.