ओटीटीवरचे थरारपट जुन्या गुन्हेपटांची बरोबरी करू शकतील का?

ओटीटीसाठी तयार होणारे अ‍ॅक्शन थ्रिलर नव्वदच्या दशकातल्या मध्यम बजेटच्या गुन्हेपटांच्या तोडीचे होऊ शकतात का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी कथेला पिकायला वेळ द्यावा लागतो आणि तोच हल्ली सर्वांत दुर्मीळ झाला आहे.

ओटीटीवरचे थरारपट कमी पडतात यात दोष छोट्या पडद्याचा आहे असे मानणाऱ्यांनी दिग्दर्शक मायकेल मान यांच्याकडे पाहावे. १९८९ मध्ये त्यांनी अमेरिकी टीव्हीसाठी ‘एल. ए. टेकडाउन’ अवघ्या १९ दिवसांत चित्रित केला आणि १९९५ मध्ये तीच कथा ‘हीट’ म्हणून १०७ दिवस घेऊन पुन्हा मांडली. पोलीस अधिकारी आणि दरोडेखोर समोरासमोर बसून कॉफी पितात, तो प्रसंग दोन्हींत आहे. ‘हीट’मध्ये तो साधारण मध्यावर येतो, तोवर दोघांची घरे, त्यांचा एकटेपणा आणि कामावरची निष्ठा आपण पाहिलेली असते, म्हणून साधे बोलणेही जड होते. या दोन भूमिका करणारे अभिनेते अल पचिनो आणि रॉबर्ट डी नीरो यांचा त्यात मोठा वाटा आहे, हे खरेच. पण त्या दोघांनाही आधी उभारलेल्या दीड तासाचा आधार आहे. बँकेबाहेरच्या गोळीबारात मान यांनी प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी मुद्रित झालेला आवाज ठेवला, त्यामुळे उंच इमारतींवर आदळून परतणारा प्रत्येक बार त्या रस्त्याचाच वाटतो.

असे चित्रपट तिकीटबारीवर कमी पडले, तरी कॅसेट आणि डीव्हीडीच्या विक्रीतून खर्च भरून निघत असे. तो आधार गेला आणि स्टुडिओंनी मधल्या आकाराचे चित्रपट कमी केले. ओटीटीवर प्रेक्षकाने वर्गणी आधीच भरलेली असते, त्यामुळे चित्रपट मध्येच सोडताना त्याचे काहीच जात नाही. म्हणून सुरुवातीलाच पाठलाग घालण्याचा आणि कथानक संवादांतून पुन्हा पुन्हा सांगण्याचा मोह होतो. ओटीटीसाठीच बनलेल्या ‘द ग्रे मॅन’वर सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितले गेले, पण देशामागून देश बदलणाऱ्या त्या चित्रपटात एकही जागा मनात ठरत नाही.

याउलट दिग्दर्शक जेरेमी सॉल्नियर यांचा ओटीटीवरचाच ‘रेबेल रिज’ (२०२४) पाहा. नायकाने चुलतभावाच्या जामिनासाठी आणलेली रोकड पोलीस रस्त्यातच जप्त करतात आणि आरोप न ठेवताही अशी जप्ती करू देणारा अमेरिकी कायदाच कथेचा कणा होतो. भावाला तुरुंगात हलवण्याआधी जामीन भरायचा आहे, एवढ्यावर तणाव उभा राहतो. नायक अर्ज करतो, नम्रपणे बोलतो, तडजोड सुचवतो आणि सगळे मार्ग बंद झाल्यावरच पोलीस ठाण्याबाहेर पहिला हात उगारतो. तोवर त्या आवारात कोण कुठे उभे आहे, कोणाकडे कोणते शस्त्र आहे आणि कोण घाबरलेले आहे, हे आपल्याला नीट ठाऊक झालेले असते.